उपचार संपले, थकवा संपत नाही: बारा आठवड्यांच्या व्यायाम-आहार कार्यक्रमाचा खरा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईंचं वय ५४. स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन झालं, शेवटचं रेडिएशन होऊन पाच महिने उलटले. रोज लेट्रोझोलची, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत. पण सकाळी उठतानाच त्या थकलेल्या असतात, वजन ६ किलोने वाढून ६८ वर गेलंय, बोटं आणि गुडघे आखडतात, शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात संध्याकाळी जड वाटतो. डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘आता हेल्दी लाइफस्टाइल ठेवा.’ १२ आठवड्यांच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांचं नाव घालावं का, की घरी काही करता येईल, आणि त्याने खरंच फरक पडतो का?

फरक पडतो, आणि किती व्यायामाने पडतो हेही बऱ्यापैकी ठरलेलं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने बोलावलेल्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यात औषधासारखी मात्राच दिली आहे: आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ३० मिनिटं, भरभर चालण्याइतक्या जोराचा व्यायाम आणि जोडीला आठवड्यातून २ दिवस ताकदीचा व्यायाम. हे साधारण १२ आठवडे नीट झालं, तर थकवा, चिंता, उदासी, शारीरिक क्षमता आणि एकूण जीवनमान यांत सुधारणा दिसते. मात्रा काही फार मोठी नाही. तरीही अनेकांचं गाडं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अडतं, कारण कार्यक्रम आखला जातो तो बरं वाटत असलेल्या दिवशी.

असं होतं बघा. सोमवारी उत्साह असतो, ४० मिनिटं चालणं होतं, वर राहिलेली घरकामंही उरकली जातात. मंगळवारी अंग दगडासारखं, बुधवारी अंथरुणातच. गुरुवारी अपराधी वाटतं म्हणून पुन्हा ४० मिनिटं. दोन आठवड्यांत मन ठरवून टाकतं की व्यायाम आपल्याला सोसत नाही. खरं तर सोसत नसतो तो चढउतार. म्हणून पहिला नियम: आखणी वाईट दिवसावर करायची. आईंच्या सर्वांत वाईट दिवशी त्या किती मिनिटं चालू शकतात? उत्तर १० असेल तर सुरुवात ८ मिनिटांनी. चांगल्या दिवशीही ८ मिनिटंच. हा दुसरा भाग पाळणं पहिल्यापेक्षा जड जातं.

पण त्याआधी थकव्याची नीट चौकशी व्हायला हवी. ‘केमोमुळे असेल’ म्हणून सोडून दिलेल्या थकव्यामागे कमी हिमोग्लोबिन, मंदावलेली थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, वाढलेली साखर, न लागणारी झोप किंवा दाबून ठेवलेलं नैराश्य सापडू शकतं. ० ते १० च्या पट्टीवर त्या आपल्या थकव्याला ४ किंवा त्याहून जास्त गुण देत असतील, तर रक्ततपासण्या आणि सविस्तर विचारपूस झालीच पाहिजे. कारण सापडलं तर त्यावर उपचार आहेत. ते न करता नुसतं चालायला लावणं म्हणजे ब्रेक ओढलेली गाडी ढकलणं.

दुसरी चौकशी हृदयाची. केमोत ‘लाल औषध’ म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन दिलं होतं का, ट्रास्टुझुमॅब दिलं होतं का, हे डिस्चार्जच्या कागदावर पाहा. दिलं असेल तर शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झाला आणि त्यात काय निघालं, हे कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. ही औषधं घेतलेल्यांनी व्यायाम करू नये असं मुळीच नाही. पण चढताना धाप लागणं, पायांना सूज, रात्री उशा वाढवून झोपावं लागणं, यांतलं काही असेल तर आधी तपासणी, मग व्यायाम. तिसरी गोष्ट पावलांची. केमोत पॅक्लिटॅक्सेल हे औषध मिळालं असेल आणि तळवे बधिर असतील, तर अंधारात आणि उंचसखल जमिनीवर तोल जातो. अशांनी स्थिर सायकलवर सुरुवात केलेली बरी. झोपण्यापूर्वी तळवे रोज डोळ्यांनी तपासायचे, कारण जखम झालेली कळत नाही.

आता मोजमाप. घरच्या घरी दोन चाचण्या पुरतात. पहिली खुर्चीची: सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हातांची छातीवर घडी घालायची आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयाच्या स्त्रीला १२ पेक्षा कमी जमलं तर ते कमी धरतात. ५४ व्या वर्षी आकडा त्याच्या खाली असेल तर पायांची ताकद बरीच उतरली आहे असं समजा. दुसरी ६ मिनिटांच्या चालण्याची: सपाट मोजलेल्या पट्ट्यावर ६ मिनिटांत किती मीटर अंतर होतं. दमल्यास थांबायची मुभा असते, घड्याळ मात्र चालू राहतं. दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा आणि ६ व १२ आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच चपला-बुटांत पुन्हा घ्या. वजनकाट्यावर एवढा भरवसा ठेवू नका. उपचारांच्या काळात स्नायू झडतात आणि चरबी वाढते; काटा दोन्हीची बेरीज दाखवतो. महिन्यातून एकदा कंबरेचा घेर मोजला तर तो जास्त खरं सांगतो.

चालण्याचा जोर ओळखायची साधी खूण आहे: सलग बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा ८ मिनिटं, आठवड्यातले ५ दिवस. नंतर दर आठवड्याला प्रत्येक फेरीत १ ते २ मिनिटांची वाढ, त्याहून जास्त नाही. फेरी १५ मिनिटांवर पोचली की दोन्ही जोडून सलग ३० मिनिटांचा प्रयत्न करायचा. बहुतेक हे सहाव्या ते आठव्या आठवड्यात जमतं. चालून आल्यावर तासभर दमल्यासारखं वाटलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा नेहमीपेक्षा जास्त असेल तर मात्र मात्रा जास्त झाली. मागच्या आठवड्याच्या आकड्यावर यायचं, शून्यावर नाही. ताप असेल, उलट्या-जुलाब चालू असतील किंवा छातीत दुखत असेल त्या दिवशी व्यायाम बंद. छातीतलं दुखणं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. बाकी ‘आज नको वाटतंय’ या दिवसांसाठी ५ मिनिटांची पळवाट ठेवा: ५ मिनिटं चालून बघायचं, नाहीच जमलं तर परत फिरायचं. परत फिरलेला दिवसही वहीत ‘झाला’ म्हणूनच लिहायचा.

हाताबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण चुकीचे सल्ले इथेच जास्त मिळतात. काखेतल्या गाठी काढलेल्या स्त्रियांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की त्या हाताने काही उचलू नका. हात न वापरल्याने तो अशक्त होतो आणि अशक्त हाताला रोजचं साधं कामही भार वाटतं. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅथ्रिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. आधीपासून हाताला लसीका-सूज (उपचारांनंतर हातात द्रव साचून येणारी सूज) असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला दिली. त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज अचानक उसळण्याचं प्रमाण वजनं उचलणाऱ्यांत १४ टक्के आणि न उचलणाऱ्यांत २९ टक्के होतं. पण हे साधलं कशाने तेही पाहा: सुरुवात अगदी हलक्या वजनाने, पहिले १३ आठवडे प्रशिक्षकाच्या नजरेखाली, वाढ मुंगीच्या पावलांनी आणि ज्यांना सूज होती त्यांनी व्यायाम करताना मापाची दाबबाही (हातावर दाब ठेवणारी घट्ट लवचीक बाही) घातलेली.

त्यामुळे आईंचं काम उलट्या टोकाकडून सुरू करायचं. आधी खांदा. हात कानाला टेकेल इतका वर जातो का? काखेतून कोपराकडे त्वचेखाली ताणलेली तार हाताला लागते का? ती तार शस्त्रक्रियेनंतर येते, धोकादायक नसते, फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली सुटते. पण ती तशीच ठेवून वजनं सुरू केली तर खांदा आखडतो. रेडिएशनचा कडकपणा उपचारानंतर कितीतरी महिने वाढत राहू शकतो, म्हणून खांद्याचे ताण देणारे व्यायाम निदान वर्षभर रोज ५-१० मिनिटं चालू ठेवायचे. खांदा मोकळा असेल तर अर्ध्या किलोच्या वजनाने किंवा सर्वांत हलक्या रबरी पट्ट्याने १० वेळा, एक सेट. लागोपाठ दोन सत्रांत हात जड, घट्ट किंवा दुखरा झाला नाही तरच पुढची सर्वांत छोटी वाढ. आठवडाभर किंवा जास्त खंड पडला, तर पुन्हा सुरू करताना वजन कमी करूनच.

शिवणकामाच्या टेपने दोन्ही हात महिन्यातून एकदा मोजा: मनगट, मनगटापासून १० सेंटिमीटर वर, कोपर, कोपरापासून १० सेंटिमीटर वर. पहिल्या वेळी ठरवलेल्या जागाच कायम, वेळही तीच. संध्याकाळचं माप सकाळच्या मापाशी ताडून पाहू नका. आईंचा हात संध्याकाळी जड होतो म्हणजे सुरुवात असू शकते, म्हणून आत्ताचं माप घेऊन ठेवाच. कुठेही २ सेंटिमीटर किंवा जास्त फरक आढळला, किंवा अंगठी-बांगडी अचानक घट्ट झाली, तर लसीका-सुजेचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टला गाठा. हात लाल, गरम, दुखरा झाला आणि अंगात कणकण आली तर तो संसर्ग समजायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. मालीश-शेक करत बसायचं नाही.

पाय आणि पाठीच्या ताकदीत मात्र इतकं दबून राहायचं कारण नाही. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून पुशअप, टाचा उचलणं, पट्टा कंबरेकडे ओढणं, पायरीवर चढउतार: हे पाच प्रकार, आठवड्यातून २ दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. पहिल्या दोन आठवड्यांत १ सेट, मग २ सेट, प्रत्येकी ८ ते १५ वेळा. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत. १५ वेळा सहज होत असेल तर भार कमी आहे. जोर लावताना श्वास रोखला जातो, ही नेहमीची चूक. उचलताना आकडा मोठ्याने मोजला की ती आपोआप टळते.

लेट्रोझोलमुळे दोन गोष्टी होतात: सांधे आखडतात आणि हाडं विरळ होतात. सांध्यांचा आखडलेपणा सकाळी आणि बसून उठताना जास्त, हालचालीने कमी. म्हणून सकाळी अंथरुणातच ५ मिनिटं मुठी उघडझाप, घोटे आणि गुडघे वाकवणं करावं. नियमित चालणं आणि ताकदीचा व्यायाम यांनी ही दुखणी कमी होतात, पण काही आठवडे लागतात. तरीही असह्य असेल तर याच गटातली दुसरी गोळी किंवा दुसऱ्या प्रकारची हार्मोनची गोळी देण्याचा पर्याय डॉक्टरांकडे असतो. गोळी परस्पर बंद करणं किंवा दिवसाआड घेणं ही चूक महागात पडते, आणि ती डॉक्टरांपासून लपवणं त्याहून. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी झाली आहे का विचारा. विरळपणा बराच असेल तर कंबरेतून पुढे वाकून उचलण्याचे आणि पाठ पिळण्याचे प्रकार वगळायचे. कॅल्शियम अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, ड-जीवनसत्त्व रक्तातल्या पातळीप्रमाणे.

आहारावर इंटरनेटने इतका गोंधळ घातलाय की आधी काय नको तेच सांगतो. साखर बंद केली म्हणून कर्करोगाच्या पेशी उपाशी मरत नाहीत. यकृत स्वतः साखर बनवतं. ‘अल्कधर्मी’ खाण्याने रक्त अल्कधर्मी होत नाही. शरीर ते ७.३५ ते ७.४५ या पट्ट्यातच राखतं. सोयाबीन अन्न म्हणून खायला हरकत नाही, त्याच्या अर्काच्या गोळ्या नकोत. अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या निरुपद्रवी असतात असंही नाही: १९९० च्या दशकातल्या दोन मोठ्या चाचण्यांत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. कोणताही काढा, चूर्ण, कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी चालू औषधांची यादी हातात घेऊन डॉक्टरांना विचारा. फळं-भाज्या भरपूर आणि चरबी कमी खाल्ल्याने आजार उलटत नाही का, हेही तपासून झालंय. ३००० हून अधिक स्त्रियांवरच्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष आलेल्या चाचणीत आजार उलटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे भाज्या सोडा असं नव्हे. ताटाकडून चमत्काराची अपेक्षा सोडा.

ताटाकडून जे मिळतं ते मुख्यतः प्रथिनं आणि आटोक्यातलं वजन. प्रथिनं दर किलो वजनाला १ ते १.२ ग्रॅम, ६८ किलोला दिवसाला ६८ ते ८२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात ८, शिजवलेल्या १०० ग्रॅम डाळीत ९, तेवढ्याच मासे किंवा चिकनमध्ये २० च्या वर. सगळं रात्रीच्या जेवणात कोंबण्यापेक्षा तीन वेळा २० ते २५ ग्रॅम घेतलं तर स्नायूंना जास्त उपयोगी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील. वजन आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त वेगाने उतरवू नका. झपाट्याने उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो. ६ महिन्यांत ३ ते ४ किलो उतरलं आणि खुर्चीचा आकडा वाढला, तर उत्तम चाललंय. प्रयत्न न करता वजन घटायला लागलं तर मात्र खूश न होता तपासून घ्या. दारू शून्य असलेलीच बरी. तंबाखू कोणत्याही रूपात बंद, उपचार संपल्यावर सोडली तरी फायदा होतो.

झोपेसाठी एकच गोष्ट करायची झाली तर उठण्याची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप २०-३० मिनिटं, ३ वाजण्यापूर्वी. अंगातून वाफा येऊन झोप मोडत असेल तर त्यावर हार्मोनविरहित औषधं आहेत. फॉलो-अपला हा विषय स्वतःहून काढायला सांगा, कारण बायका तो संकोचाने काढत नाहीत.

मनाचं म्हणाल तर, फॉलो-अपच्या आधीच्या आठवड्यात आजार परतल्याची भीती वाढते, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. त्या आठवड्यात मात्रा वाढवू नका, आहे तेवढी टिकवा. भीती रोजची झाली, झोप-जेवण बिघडलं, तर समुपदेशन हा उपचाराचाच भाग आहे.

‘बरं वाटतंय का’ या प्रश्नाला माणसं ‘ठीक आहे’ म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून जीवनमान मोजायला प्रश्नावल्या वापरतात. त्यातली ईओआरटीसी या युरोपातल्या कर्करोग-संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० बरीच वापरात आहे: ३० प्रश्न, बहुतेक गेल्या आठवड्याबद्दल. थकव्याचे तीन प्रश्न आहेत: विश्रांती घ्यावी लागली का, अशक्त वाटलं का, दमल्यासारखं वाटलं का. प्रत्येकाला १ (अजिबात नाही) ते ४ (खूप). समजा आईंनी ३, २, ३ दिले. सरासरी २.६७, त्यातून १ वजा, ३ ने भागून १०० ने गुणलं की ५६. बारा आठवड्यांनी २, २, २ आले तर ३३. साधारण १० गुणांचा फरक माणसाला स्वतःला जाणवतो असं धरतात. इथे तो २० हून जास्त आहे. वाचताना एक घोटाळा हमखास होतो: काम करण्याच्या क्षमतेच्या पट्टीवर आकडा वाढणं चांगलं, थकवा-वेदनांच्या पट्टीवर घटणं चांगलं.

आता कार्यक्रमात नाव घालावं का? आईंचं हाताचं दुखणं आणि सांधे पाहता निदान सुरुवातीची सत्रं जाणकाराच्या नजरेखाली व्हावीत, म्हणून हो. पण नाव घालण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. पहिल्या दिवशी वैयक्तिक चाचणी होते, की सगळ्यांना एकच तक्ता? शस्त्रक्रिया, केमो, इको यांचे कागद कोण वाचतं? एखाद्या दिवशी थकवा जास्त असेल तर व्यायाम कमी करून देतात, की ‘नेटाने करा’ म्हणतात? आणि १३ व्या आठवड्यात काय होतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर बाकीची तिन्ही कितीही छान असोत, तीन महिन्यांनी आई मूळ जागी येण्याची शक्यता मोठी.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅलेंज चाचणीची रचना म्हणूनच पाहण्यासारखी आहे. शस्त्रक्रिया आणि केमो झालेले मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण. पुस्तिका दोन्ही गटांना, पण एका गटाला वर ३ वर्षं व्यायाम-मार्गदर्शकाची साथ. पहिले ६ महिने दाट भेटी, नंतर विरळ. उद्दिष्ट आठवड्याला १० मेट-तासांची भर (स्वस्थ बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते ते मेट, त्याला तासांनी गुणलं की मेट-तास), म्हणजे भरभर चालणं ४ मेट धरलं तर आठवड्याला आणखी अडीच तास. आठ वर्षांनी हयात असलेले व्यायाम-गटात ९०.३ टक्के, नुसत्या पुस्तिकेच्या गटात ८३.२ टक्के. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायाम-गटात जास्त होत्या, १८.५ विरुद्ध ११.५ टक्के, भुर्दंड आहे, तो मान्य करून चालायचं. हे आकडे आतड्याच्या कर्करोगाचे आहेत, ते जसेच्या तसे आईंना लावू नका. साथ किती काळ लागते, एवढं मात्र त्यातून उचलण्यासारखं आहे.

हाच प्रश्न दुसऱ्या आजारांतल्यांना असेल तर थोडे बदल. पोटावर स्टोमा (मल किंवा लघवी बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेलं तोंड) असेल तर शस्त्रक्रियेनंतर ६ ते ८ आठवडे जड उचलणं बंद आणि पुढे पोटाच्या स्नायूंचं काम हळूहळू, नाहीतर स्टोमाशेजारी हर्निया होतो. मानेला रेडिएशन झालं असेल तर तोंड उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम रोज, थायरॉईडची तपासणी ठरावीक काळाने, आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला रेडिएशनबद्दल सांगणं अत्यावश्यक. रेडिएशन झालेलं जबड्याचं हाड दात काढल्यावर नीट भरून येईलच असं नाही. हाडांत आजार पसरलेला असेल तर कोणत्या हाडावर भार चालेल हे ठरल्याशिवाय वजनं नकोत.

घरच्यांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी एक काम आहे. आईंच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेऊ नका. आणि १३ व्या आठवड्यातली एक तारीख आजच कॅलेंडरवर लिहा: खुर्ची, ६ मिनिटं, दोन्ही हातांचं माप, तीन प्रश्न. तिथून पुढे हेच दर तीन महिन्यांनी. आकडा घसरला तर त्या आठवड्यापासून पुन्हा ८ मिनिटांनी सुरुवात.